डेरीच्या भिंतीवरची पाच पोरे

‘पंक’ हा शब्द कानी पडताच आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे अगदीच चुकते असे आम्ही म्हणणार नाही. त्या संगीतात थयथयाट पुष्कळ आहे. तथापि ‘दि अंडरटोन्स’ या वाद्यवृंदाची १९७९ साली निघालेली, त्याच नावाची पहिली तबकडी आम्हांस वेगळी काढावीशी वाटते.

हे पाच तरुण उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराच्या कॅथलिक समाजातले. याच शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले. सैनिकांची गस्त आणि बॉम्बस्फोट यांच्या सावलीत ही मुले वाढली. आणि त्यांनी गायिले काय? उन्हाळा आल्याचा हर्ष आणि मुलींपुढे उडणारी भंबेरी! मूळ वेष्टनावरील छायाचित्रातही ती एका भिंतीवर नुसती बसलेली आहेत.

अनेक गीते दोन-अडीच मिनिटांत आटोपतात. गिटारी घाईत धावतात. फर्गल शार्कीचा कापरा आवाज त्यांच्या मागून धापा टाकीत येतो. या कच्चेपणातच गोडवा आहे. दोषही आहेत. चाली एकमेकींसारख्या वाटतात, आणि गीतांतील मुली केवळ मुलांच्या नजरेतून दिसतात. त्यांचे मन कोणी विचारीत नाही.

भोवती रक्त सांडत असता अशी गाणी गाणे म्हणजे पळवाट, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो पटत नाही. हिंसा माणसाचा प्राण घेते, तशी ती तरुणांचा प्रत्येक विचारही स्वतःकडे ओढून घेते. या पोरांनी तो दिला नाही. आपला उन्हाळा त्यांनी आपल्यापाशी राखला.

तरीही ‘जिमी जिमी’ या गीतात सावली येतेच. त्यातला आज्ञाधारक मुलगा एके दिवशी नाहीसा होतो. त्याला नेणारी रुग्णवाहिका कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्याचे काय झाले, हे सांगायला कवी थांबत नाही. चाल मात्र हसरीच राहते. आमच्या मते संपूर्ण तबकडीतील हा सर्वांत धीट क्षण होय.

घरातील मुलांच्या खोलीतून असा गोंगाट ऐकू आला, तर पालकांनी रागावण्यापूर्वी हे एक गीत शेवटपर्यंत ऐकावे, एवढीच आमची विनंती.