जुन्या वैयक्तिक संगणकावरील रे ट्रेसिंगची कसोटी-दृश्ये : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकावर चित्र घडविण्याच्या पद्धतींमध्ये रे ट्रेसिंग ही कल्पनेने अत्यंत सोपी, परंतु हिशेबाने अतिशय महाग अशी पद्धत होय. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून पडद्यावरील प्रत्येक बिंदूमधून एक किरण दृश्यात सोडावयाचा, तो प्रथम कोणत्या वस्तूला भिडतो हे शोधावयाचे आणि तेथून परावर्तनाचे, वक्रीभवनाचे व सावलीचे किरण पुढे पाठवावयाचे, एवढीच तिची रीत आहे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली ही रीत पूर्णत्वाने मांडली, तेव्हाच त्यांनी असे नमूद केले होते की साध्या दृश्यातही सुमारे ७५ टक्के वेळ आणि गुंतागुंतीच्या दृश्यात ९५ टक्क्यांहून अधिक वेळ केवळ किरण व वस्तू यांचा छेद शोधण्यात खर्ची पडतो. त्यानंतरच्या दशकातील संशोधनाचा मोठा भाग हा खर्च कमी करण्याच्या खटपटीने व्यापलेला दिसतो. वस्तूंभोवती कल्पित आवरणे घालून त्यांची उतरंड रचणे, अवकाशाचे आठ-आठ भाग पाडीत जाणे, सारख्या आकाराच्या चौकटींची जाळी टाकणे अशा अनेक युक्त्या पुढे आल्या. प्रत्येक संशोधक आपली युक्ती आपल्याच चित्रावर चालवून दाखवीत असे. साहजिकच एकाच्या घराचे चित्र आणि दुसऱ्याच्या फुलदाणीचे चित्र यांच्या वेळांची तुलना करून काहीच निष्पन्न होत नसे.

या अडचणीवर एरिक हेन्स यांनी १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये 'आयट्रिपलई कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड ॲप्लिकेशन्स' या नियतकालिकात एक उपाय सुचविला. तोच पुढे 'स्टँडर्ड प्रोसीजरल डेटाबेसेस', संक्षेपाने एसपीडी, या नावाने ओळखला गेला. या संचाची चिकित्सा आजवर बहुधा मोठ्या यंत्रांच्या संदर्भात झाली आहे. जुन्या वैयक्तिक संगणकावर, म्हणजे ६४० किलोबाइट मेमरीच्या डॉस यंत्रावर, हा संच चालविला असता त्याचे गुण व दोष अधिक ठळकपणे समोर येतात. प्रस्तुत लेखात त्याच बाजूने विचार करावयाचा आहे.

दृश्य नव्हे, दृश्याचा नियम

हेन्स यांनी तयार दृश्ये वाटली नाहीत. दृश्ये निर्माण करणाऱ्या सी भाषेतील छोट्या आज्ञावली वाटल्या. आरंभी त्या सहा होत्या : बॉल्स, गिअर्स, माउंट, रिंग्ज, टेट्रा आणि ट्री. प्रसिद्ध चहादाणी नंतर आली. प्रत्येक आज्ञावली एक मजकुराची फाइल बाहेर काढते. तिचा आराखडा 'न्यूट्रल फाइल फॉरमॅट', म्हणजे तटस्थ आराखडा, या नावाचा असून त्यात दृष्टिकोन, पार्श्वभूमी, दिवे, रंग, गोल, शंकू आणि बहुभुज यांच्याखेरीज फारसे काही नाही.

या निवडीमागील शहाणपण लहान यंत्रावर लगेच पटते. बॉल्स या दृश्यात एका मोठ्या गोलावर त्याच्या एकतृतीयांश त्रिज्येचे नऊ गोल बसतात, त्या प्रत्येकावर पुन्हा नऊ, आणि असेच पुढे. ४ या प्रमाणांकाला १ + ९ + ८१ + ७२९ + ६,५६१ असे ७,३८१ गोल होतात. जमिनीचा एक बहुभुज धरून ७,३८२ वस्तू. गोलामागे सुमारे ४० अक्षरे धरली तरी ही फाइल तीन लाख बाइटांच्या घरात जाते आणि ३६० किलोबाइटांची फ्लॉपी जवळजवळ भरून टाकते. प्रमाणांक ५ केला की तीच फाइल १.४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपीतही मावत नाही. तिला जन्म देणारी आज्ञावली मात्र काही पानांची. बियाणे वाटावे आणि पीक ज्याने त्याने आपल्या शेतात घ्यावे, तसा हा व्यवहार आहे.

शेत लहान असले तर पीकही लहान घेता येते, ही या संचातील दुसरी सोय. प्रमाणांक २ दिला तर बॉल्समध्ये ९२ वस्तू येतात, ३ दिला तर ८२१. त्यामुळे ज्याच्याकडे मोठे यंत्र नाही तोही या तुलनेत सहभागी होऊ शकतो, असे वरवर वाटते. वस्तुतः खरी अडचण येथेच सुरू होते.

माउंटचा हिशेब

अडचणीचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी माउंट हे दृश्य घ्यावे. त्यात भग्नमितीय पद्धतीने रचलेला डोंगर ८,१९२ त्रिकोणांचा असून त्यावर चार काचेचे गोल आहेत. दुहेरी अचूकतेच्या प्रत्येक संख्येस ८ बाइट लागतात. त्रिकोणाला तीन बिंदू, बिंदूला तीन सहनिर्देशक. म्हणजे एका त्रिकोणास ७२ बाइट आणि सर्व डोंगरास ५,८९,८२४ बाइट, बरोबर ५७६ किलोबाइट. ६४० मधून ५७६ वजा जाता ६४ किलोबाइट उरतात. एवढ्या जागेत डॉस, रे ट्रेसिंगची आज्ञावली, चित्राची ओळ आणि जिची परीक्षा घ्यावयाची ती आवरणांची उतरंड, एवढे सगळे बसवावयाचे. ते बसत नाही. बॉल्समध्ये मात्र गोलाला ३२ बाइटच लागतात आणि ७,३८१ गोलांचा संसार २३१ किलोबाइटांत आटोपतो. म्हणजे वस्तूंची संख्या जवळपास सारखी असूनही एक दृश्य या यंत्रावर चालते आणि दुसरे चालत नाही.

हा दोष केवळ यंत्राच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. डोंगर हा ६४ × ६४ चौकटींचा असल्यामुळे त्यातील वेगळे बिंदू फक्त ६५ × ६५, म्हणजे ४,२२५ आहेत. ते एकदाच साठवून प्रत्येक त्रिकोणाला केवळ त्यांचे क्रमांक दिले, तर सर्व डोंगर सुमारे १४७ किलोबाइटांत मावतो. निर्माण करणाऱ्या आज्ञावलीला ही भागीदारी ठाऊक असते. तटस्थ आराखडा मात्र ती पुसून टाकतो, कारण त्यात प्रत्येक बहुभुज आपले बिंदू स्वतंत्रपणे लिहितो. सोपेपणासाठी मोजलेली ही किंमत होय. वर्कस्टेशनवर ती कोणाला जाणवली नाही. लहान यंत्रावर ती दृश्याचा जीवच घेते.

तटस्थता या शब्दाकडे आणखी एका बाजूने पाहावयास हवे. १९९० च्या दशकात हा संच पीओव्ही-रे, रेशेड, आरआयबी, डीएक्सएफ अशा अनेक आराखड्यांत उत्तरे देऊ लागला. त्यांपैकी जे केवळ बहुभुज ओळखतात त्यांच्यासाठी गोलाचे तुकडे पाडावे लागतात. एका गोलाचे १०० त्रिकोण केले तर बॉल्समध्ये ७ लाखांहून अधिक त्रिकोण होतात. नाव तेच, चित्रही जवळपास तेच. परीक्षा मात्र पूर्णपणे वेगळी.

प्रमाणांक आणि युक्तीचे भाग्य

पडद्यावर ५१२ × ५१२ बिंदू धरले तर केवळ डोळ्यापासून निघणारे किरणच २,६२,१४४ होतात. कोणतीही युक्ती न वापरता प्रत्येक किरण प्रत्येक वस्तूशी ताडून पाहिला, तर ४ प्रमाणांकाच्या बॉल्ससाठी १९३ कोटींहून अधिक चाचण्या कराव्या लागतात. ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्राला ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर जोडला आणि एका चाचणीस अर्धा मिलिसेकंद धरला, तरी हा हिशेब अकरा दिवसांवर जातो. परावर्तनाचे आणि सावलीचे किरण यात अजून आलेलेच नाहीत. सहप्रोसेसर नसेल तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा स्थितीत प्रयोग करणारा प्रमाणांक २ वर येतो, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु ९२ वस्तूंच्या दृश्यात आवरणांची उतरंड फारसे कर्तृत्व दाखवू शकत नाही. ती रचण्याचा वेळ, आवरणांच्याच चाचण्यांचा वेळ आणि ९२ वस्तू सरळ तपासण्याचा वेळ यांत अंतर थोडे राहते. वस्तू ८० पट वाढल्या की सरळ तपासणीचा खर्चही ८० पट होतो, उतरंडीचा मात्र त्या मानाने पुष्कळच कमी वाढतो. म्हणून लहान यंत्रावर, लहान प्रमाणांकाने घेतलेल्या परीक्षेत कुशल युक्ती निरुपयोगी ठरू शकते. हा निकाल युक्तीविषयी नसतो. तो ९२ या संख्येविषयी असतो. दोन निकालांच्या शेजारी केवळ 'बॉल्स' एवढेच लिहिले असेल, तर पुन्हा घराची आणि फुलदाणीचीच तुलना सुरू होते, फरक एवढाच की आता दोघांनाही एकच नाव दिलेले असते.

सारख्या चौकटींच्या जाळीची कथा याच्या उलट आहे. बॉल्समध्ये जमिनीचा बहुभुज गोलांच्या पुंजक्याच्या मानाने बराच विस्तीर्ण असल्यामुळे जाळीच्या पुष्कळ चौकटी रिकाम्या राहतात आणि थोड्या चौकटींत दाटी होते. हेन्स यांनीच पुढे या दोषाला 'क्रीडागारातील चहादाणी' या अर्थाचे नाव दिले. प्रमाणांक जसा वाढतो तशी ही दाटीही वाढते; लहान प्रमाणांकात दोष झाकलेला राहतो. एकच काटछाट एका युक्तीचा गुण लपविते आणि दुसरीचा अवगुण, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सोळा बिटांचा गणक

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये टर्बो सी हे संकलक दीर्घकाळ वापरात राहिले. त्यामुळे पुढील मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. या संकलकात साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते आणि तिची मर्यादा ३२,७६७ असते. ५ या प्रमाणांकाला बॉल्समध्ये ६६,४३० गोल होतात. ते मोजणारा गणक साधा पूर्णांक असेल तर ६५,५३६ नंतर तो पुन्हा शून्यावरून चालू लागतो आणि शेवटी ८९४ हा आकडा दाखवितो. हा आकडा ऋण नाही, विचित्र नाही. उलट ३ प्रमाणांकाच्या ८२० गोलांच्या इतका जवळचा आहे की पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये. यंत्र थांबते तेव्हा चूक कळते. यंत्र सभ्यपणे खोटे बोलते तेव्हा ती तक्त्यात जाऊन बसते. डोंगरासाठी लागणाऱ्या यादृच्छिक संख्यांचेही असेच आहे. त्या संकलकाच्या ग्रंथालयातून घेतल्या तर प्रत्येक संकलकाचा डोंगर निराळा होईल. म्हणून त्यांची रीत आज्ञावलीने स्वतःजवळच ठेवावी लागते आणि ती बिटांची रुंदी स्पष्ट सांगून लिहावी लागते.

यावरून वेळेच्या आकड्याचे महत्त्व किती मानावे हा प्रश्न उपस्थित होतो. १९९१ च्या ४८६ एसएक्समध्ये गणिती विभाग नाही आणि १९८९ च्या ४८६ डीएक्समध्ये तो आहे. दोन्हींची घड्याळगती सारखी असली तरी रे ट्रेसिंगच्या वेळांत मोठी तफावत पडते. सेकंद हे यंत्राचे, संकलकाचे आणि युक्तीचे एकत्रित गाठोडे असते, व ते सोडविण्याचे साधन एकट्या सेकंदांत नसते. प्रमाणांक, वस्तूंची संख्या, पूर्वतयारीचा वेळ, प्रत्येक प्रकारचे किरण आणि छेद-चाचण्या यांची नोंद वेगवेगळी केली तरच लहान यंत्रावरील निकाल मोठ्या यंत्रावरील निकालाशेजारी मांडता येतो. अलीकडे जुने संगणक मिळेनासे झाल्यावर डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रणालीत हीच दृश्ये चालविली जातात. तेथे मोजलेले सेकंद जुन्या यंत्राचेही नसतात आणि नव्याचेही नसतात. छेद-चाचण्यांची संख्या मात्र जवळजवळ तीच येते.