हुकलेले पद आणि वगातील हास्य
वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याकडे राजकीय उपहास म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहावयास हवी. कोतवालपद हुकलेला हवालदार नव्या कोतवालाला मैनावतीच्या मोहात गुंतवतो आणि राजाचा पलंग चोरण्यास प्रवृत्त करतो. वरिष्ठाचा माज उतरतो. परंतु पदाची सत्ता अबाधित राहते, कारण हवालदाराला ती मोडायची नसून मिळवायची आहे. शिवाय सुडाचे साधन ठरते ती स्त्री. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) कोतवाल नेमणारा नानाच प्रश्नांकित होतो आणि हास्य गोठते. सबनीसांचा प्रेक्षक मात्र हवालदाराच्या बाजूने हसताना त्याची सत्ताकांक्षाही नकळत स्वीकारतो. या वगाचे सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही या सहभागातच आहेत.