सोंग आणि साक्ष

युद्धाविरुद्ध बोलणारी कलाकृती समाजापुढे आली की तिच्यावरील पहिला आक्षेप बहुधा तिच्या रीतीवर असतो. शांततेला उघड विरोध कोणीच करीत नाही. म्हणून 'विषय मोलाचा आहे, परंतु मांडणी एकांगी आहे', 'हेतू चांगला आहे, पण हा प्रचार झाला', अशा शब्दांत नापसंती व्यक्त होते. अशा आक्षेपांत कलेची चिंता किती आणि सोय किती, हे तपासण्यासाठी दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक इंग्लंडमधला, पीटर वॉटकिन्स यांचा 'द वॉर गेम' (१९६५). दुसरा आपल्या महाराष्ट्रातल्या आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' (२००२).

'द वॉर गेम' बीबीसीसाठी तयार झाला. जेमतेम पाऊण तासाचा, कृष्णधवल. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अणुबॉम्ब पडला तर काय होईल, एवढाच त्याचा विषय. परंतु वॉटकिन्स यांनी तो कथापटासारखा रंगविला नाही. त्यांनी वृत्तपटाचे सोंग घेतले. हातात धरलेला हलता कॅमेरा, बातमी सांगावी तसा निवेदकाचा कोरडा स्वर आणि व्यावसायिक नटांऐवजी त्याच भागातली सामान्य माणसे. आगीच्या वावटळी, भाजलेली माणसे, अन्नासाठी झालेले दंगे यांचे तपशील त्यांनी हँबर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमा आणि नागासाकी येथे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवरून घेतले. मृतांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या लग्नाच्या अंगठ्या बादलीत गोळा केल्याचे दृश्य ज्याने पाहिले, तो ते विसरू शकत नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये वरिष्ठ सरकारी आणि संरक्षण अधिकाऱ्यांना हा चित्रपट दाखविण्यात आला. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी बीबीसीने जाहीर केले, की दूरचित्रवाणीच्या माध्यमासाठी तो अतिभयंकर असल्यामुळे प्रक्षेपित होणार नाही. पुढल्या वर्षी काही चित्रपटगृहांत तो दाखविला गेला आणि समीक्षकांत सरळ दोन तट पडले. केनेथ टायनन यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने आजवरच्या चित्रपटांत कदाचित हाच सर्वांत महत्त्वाचा असावा, असा कौल दिला. इतरांना तो निःशस्त्रीकरण चळवळीचा प्रचारपट वाटला. न घडलेली गोष्ट घडल्यासारखी दाखविणे ही फसवणूक आहे, असा त्यांचा रोख होता. गंमत अशी, की १९६७ साली याच सोंगाला सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तो दिसायला मात्र ३१ जुलै १९८५ उजाडावा लागला.

आता 'जंग और अमन' पाहा. मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर पटवर्धनांनी भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका येथे त्याचे चित्रण केले. अहमदनगरच्या अच्युतराव पटवर्धनांचे ते पुतणे. गांधीहत्येपासून त्यांचा चित्रपट सुरू होतो, ही गोष्ट त्यांच्या घराण्याच्या वारशाशी सुसंगतच आहे. येथे सोंग कोठेच नाही. पोखरणजवळचे गावकरी खरे, जादुगोड्याच्या युरेनियम खाणींच्या आसपासचे आदिवासी खरे, हिरोशिमाचे वृद्ध साक्षीदार खरे. व्यासपीठावरून गर्जना करणारे पुढारीही खरेच. २००२ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान लाभला. त्याच वर्षी परिनिरीक्षण मंडळाने प्रमाणपत्रासाठी आधी सहा ठिकाणी कात्री लावण्यास सांगितले. पुनर्विचार समितीने हा आकडा एकवीसवर नेला. पंतप्रधानांसह सर्व राजकीय नेत्यांची दृश्ये आणि वक्तव्ये काढून टाकावीत, अशीही त्यात एक अट होती! अपील न्यायाधिकरणाने कात्री बरीच कमी केली, आणि एप्रिल २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही दृश्य न कापता प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला.

हे दोन आक्षेप समोरासमोर ठेवले की त्यांतील विसंगती डोळ्यांत भरते. वॉटकिन्स यांना सांगण्यात आले, की तुम्ही न घडलेले दाखविता. पटवर्धनांना सांगण्यात आले, की घडलेले काढून टाका. नेत्यांनी लाखो लोकांसमोर जाहीरपणे उच्चारलेली वाक्ये पडद्यावर येताच आक्षेपार्ह कशी ठरतात? म्हणजे रचिताचा दोष रचना हा, आणि अस्सलाचा दोष अस्सलपणा हा! तेव्हा दोन्ही ठिकाणी खरा प्रश्न सत्यासत्याचा नव्हताच. अनुबोधपटाच्या अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क कोणाचा, हा होता. शासनाच्या बाजूने ती वाणी उमटली की आपण तिला माहिती म्हणतो. विरुद्ध बाजूने उमटली की प्रचार म्हणतो.

सोंग आणि खोटेपणा यांतला भेद आपल्या नाशिक जिल्ह्याला तरी समजावून सांगावा लागू नये. बोहाड्यात मुखवटा चढवून देव नाचतात; त्याला फसवणूक कोणी म्हणत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या रोपाची वाढ चित्रित केली, तीही रोज थोडेथोडे चित्रण करून, अनेक दिवस काही क्षणांत बसवून. ती युक्ती होती. तरीही तिने रोपाविषयीचे सत्यच दाखविले. प्रेक्षकाला फसविण्याचा हेतू नसावा, एवढेच पथ्य. वॉटकिन्स यांचा निवेदक 'असे घडेल', 'असे घडू शकते' हे पुन्हा पुन्हा सांगतो. ते पथ्य त्यांनी पाळले आहे.

याचा अर्थ दोन्ही कृती निर्दोष आहेत असा नव्हे. वॉटकिन्स रस्त्यावरच्या माणसांना प्रश्न विचारून त्यांचे अज्ञान उघडे पाडतात, तेव्हा त्यांच्या स्वरात किंचित तुच्छता डोकावते. पटवर्धनांच्या संकलनातला उपरोध धारदार आहे. परंतु चाचण्यांनंतर भाबड्या अभिमानाने रस्त्यावर नाचलेल्या माणसाचे मन समजून घेण्याइतका धीर तो दाखवीत नाही. ज्याचे मत बदलावयाचे, त्यालाच हसणे हे कलेच्या दृष्टीनेही नुकसानीचे असते. समीक्षकांनी असे दोष जरूर दाखवावेत. पण असे दोष दाखविणे ही समीक्षा झाली. चित्रपट लोकांपर्यंत पोहोचूच न देणे ही समीक्षा नव्हे.

'द वॉर गेम' आपल्या ख्रिस्ती वाचकांनाही सुखाने बसू देत नाही. त्यातला एक बिशप न्याय्य युद्धावरील आपली श्रद्धा शांतपणे बोलून दाखवितो. शेवटी निर्वासितांच्या छावणीत नाताळ येतो, तबकडीवर परिचित नाताळगीत वाजते, आणि मोठेपणी काय होणार असे विचारल्यावर अनाथ मुले सांगतात, की काहीच व्हायचे नाही. बीबीसीच्या त्या घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरांच्या सरसकट संहाराचा देवाविरुद्धचा आणि मानवाविरुद्धचा अपराध म्हणून निःसंदिग्ध निषेध केला. त्या निषेधातील अमूर्त शब्दांना चेहरे देण्याचे काम त्याच वर्षी एका दडपलेल्या चित्रपटाने केले होते, ही नोंद आपण घ्यावयास हवी.

आपल्या शहराला ही चर्चा दूरची नाही. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला लढाऊ विमाने बांधली गेली, आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. सैनिकाच्या धैर्याचा आदर करणाऱ्या घरातही अणुबॉम्बविषयी प्रश्न विचारता आला पाहिजे. त्या घरांनी हे दोन्ही चित्रपट पाहावेत, त्यांच्याशी भांडावे, हवे तर नाकारावेत, मात्र पाहिल्यानंतर.