उसना सूर, आपला गळा

दुसऱ्याने रचलेले आणि दुसऱ्यानेच गाजवलेले गाणे तंतोतंत वाजवून दाखवणे ही कला मानावी की नुसती नक्कल, हा वाद आपल्या ख्रिस्ती घरांतून बरीच वर्षे चालत आला आहे. निमित्त बहुधा घरातल्या मुलाने गिटार हाती घेतल्याचे असते. वडील म्हणतात, अभ्यास बुडतो. आजी म्हणते, हे कसले आरडणे! आणि साहित्यसंगीताची थोडीबहुत जाण असलेला एखादा काका आपला निकाल देऊन मोकळा होतो : यात स्वतःचे काय आहे? परदेशी ध्वनिमुद्रिकांवरची गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्या अशा वृंदाला ‘कव्हर बँड’ म्हणतात. काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलांना सहसा देता येत नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

रत्नागिरीसारख्या गावात अशा बँडचे आयुष्य कसे असते ते आधी सांगितले पाहिजे. आपला समाज येथे संख्येने लहान. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा रत्नागिरी जिल्हा पुणे धर्मप्रांतातून त्यात आला. पण धर्मप्रांत बदलला म्हणून गावात वादक वाढले नाहीत. चार मुले जमतात. त्यांतला एक रविवारच्या मिस्साला कीबोर्ड वाजवतो, दुसऱ्याने गायनवृंदात कंठ कमावलेला असतो. तालमीला चर्चच्या आवारातली खोली मिळते, तीही धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर. पावसाळ्यात येथील दमट, खारट हवेने गिटारच्या तारा महिन्याभरात गंजतात. नव्या तारा मुंबईहून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवाव्या लागतात. ऐन रंगात वीज जाते आणि केवळ ढोल तेवढा वाजत राहतो. गाणी तीच, जी जगभरच्या अशा बँडांची असतात : डीप पर्पलचे १९७२ चे ‘स्मोक ऑन द वॉटर’, ईगल्सचे १९७६ चे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. पूर्वी कॅसेट पुन्हापुन्हा मागे फिरवून एकेक ओळ कानाने उचलावी लागे. आता भ्रमणध्वनीवर बोटे कोठे ठेवावीत तेही दिसते. कानाची मेहनत तेवढी कमी झाली आहे, आणि आमच्या मते ते नुकसानच आहे.

वाजवायला जागा म्हणजे फेस्त, नाताळचा कार्यक्रम आणि वर्षाकाठी दोनचार लग्ने. लग्नात दोन इंग्रजी गाणी झाली की पाहुण्यांची कोंकणी मांड्यांची आणि हिंदी चित्रपटगीतांची फर्माईश येते. ती नाकारली तर पुढचे बोलावणे येत नाही. बँडचे वयही ठरलेले. बारावीनंतर तो जन्मतो आणि कोणाला मुंबईत नोकरी लागली किंवा जहाजावर काम मिळाले की संपतो. कोकणाने आपला तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला दिला, त्यात ढोलवादकही आलेच.

आता नकलेच्या आरोपाकडे वळू. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा येतो, त्यातला गायक रफीसाहेबांचे गाणे गातो, आणि श्रोते ‘हुबेहूब!’ म्हणून मान डोलावतात. त्याला कोणी विचारत नाही की, बाबा रे, तुझे स्वतःचे काय? फार कशाला, मराठी संगीत नाटकाची छापील प्रत उघडून पाहावी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ती कोणत्या जुन्या गाण्यावरून घेतली ते सांगण्याची प्रथा आहे. उसनवारी लपवावी असे त्या मंडळींना कधी वाटले नाही. चाल उसनी, शब्द आपले, आणि गळा ज्याचा त्याचा.

आपल्या ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही असाच आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी आपल्या मायदेशाचे वृत्त येथे आणले नाही. मराठी संतांची ओवी घेतली आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. ते आपल्या कॅथलिक सभेचे नसले तरी त्यांची गीते आपण आपलीच म्हणून गातो. परदेशी चालींत बसवलेल्या भाषांतरित गीतांवर त्यांचे समाधान झाले नाही. अभंग, भजन, कीर्तन यांच्या वाटेने त्यांनी ख्रिस्ताला मराठी अंगणात आणले. या दोघांनीही उसने घेतले. पण घेतल्यावर त्यात स्वतःचे काही घातले.

ज्यांची गाणी आपली मुले वाजवतात ते तरी कोठे आकाशातून पडले होते? बीटल्स मंडळी हॅम्बुर्गच्या क्लबांतून रात्रीच्या रात्री इतरांची गाणी वाजवत वाढली. १९६३ सालच्या त्यांच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेवरील १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची आहेत. रोलिंग स्टोन्सची १९६४ ची पहिली ध्वनिमुद्रिका तर बहुतांश अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गाण्यांनीच भरली आहे. तेव्हा नकलेचा आरोप आम्ही रद्द समजतो. शिकणाऱ्याने गुरूची चीज गुरूसारखी गावी, यात आपल्या देशात तरी कोणाला आक्षेप नसावा.

आमची तक्रार वेगळी आहे. ती अर्थाविषयी आहे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ गाणाऱ्या मुलाला त्यातले वाळवंट, तो रस्ता, ती सुटका नसलेली जागा यांचा पत्ता नसतो. तो ध्वनी गातो, शब्द गात नाही. शेवटच्या दोन गिटारींच्या संवादात मात्र तो एकदम जिवंत होतो, कारण तेथे समजून घ्यायला शब्दच नसतात. सेमिनरीत लॅटिन स्तोत्रे अर्थ न कळता घोकणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. सुरात चूक नसे, आणि प्रार्थनाही नसे.

येथे नंदू भेंडे यांचे उदाहरण आठवते. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा हा मुलगा मुंबईत रॉक गाऊ लागला, ‘व्हेल्वेट फॉग’ या बँडमध्ये होता. १९७४ साली अलीक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईच्या रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात यहुदाचे काम भेंडे यांनी केले. अँड्रू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ही संगीतिका आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तिच्यावर धर्मनिष्ठांनी पुष्कळ टीका केली, ती सगळीच अस्थानी नव्हती. कथा क्रुसावर थांबते. रिकाम्या कबरेपर्यंत ती जात नाही. पुनरुत्थानाविना शुभवर्तमान म्हणजे शुक्रवारी संपलेला आठवडा. धर्मशिक्षण म्हणून ती कृती आम्ही कोणाच्या हाती देणार नाही.

पण संगीतकृती म्हणून तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. वाद्यांच्या प्रारंभानंतर पहिले गाणे यहुदाचे आहे. तो द्वेषाने बोलत नाही, भीतीने बोलतो. आणि रचनाकारांनी त्याला जी उंच, फाटत जाणारी स्वरपट्टी दिली आहे ती सुरेल गाऊन भागत नाही. गळा ताणलाच पाहिजे, आणि ताणलेल्या गळ्यातून माणूस दिसलाच पाहिजे. रॉकचा आरडाओरडा म्हणून आजी ज्याला नावे ठेवते, त्याला येथे कारण आहे. दुःखसहनाचा वृत्तान्त दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण ऐकतो, यहुदाच्या ओळी शांतपणे वाचल्या जातात आणि आपणही शांत राहतो. मुंबईतला प्रयोग आम्ही पाहिलेला नाही, तेव्हा आम्ही लहान होतो. मूळ ध्वनिमुद्रण मात्र ऐकले आहे, आणि त्यानंतर तो वृत्तान्त पूर्वीइतक्या शांतपणे वाचता आलेला नाही. ही भूमिका करणाऱ्याला शब्द न समजता गाता येणार नाहीत. कव्हर बँडच्या गायकाला हीच शाळा मिळत नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९७८ साली, भेंडे मराठीत आले. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’, दिग्दर्शक जब्बार पटेल, आणि अंकुशच्या भूमिकेत हा रॉक गायक. उसनवारीची वंशावळ पाहायची तर याच नाटकाची पाहावी. १७२८ साली जॉन गे याने लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेऊन ‘बेगर्स ऑपेरा’ रचला; त्यावरून दोनशे वर्षांनी ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी आपले नाटक बेतले; आणि रत्नागिरीचा अंतू बर्वा ज्यांनी अजरामर केला त्या पु. लं.नी ते तमाशात आणले. तमाशाचा बाज आणि पाश्चात्त्य ठेके एकाच प्रयोगात शेजारी बसले. इंग्रजी गाण्यांवर घासलेला गळा वाया गेला नव्हता. त्याला मराठी शब्द मिळाले होते. भेंडे २०१४ साली वारले. त्यांच्यामागे मराठीत रॉकची अखंड परंपरा उभी राहिली असे म्हणवत नाही, आणि याचा दोष केवळ तरुणांवर टाकणे अन्यायाचे होईल. मराठी लेखकांनी त्यांना किती शब्द दिले?

इंग्रजीतच राहूनही पुढचे पाऊल टाकता येते हे खरे. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९८४ मध्ये इतरांच्या गाण्यांनी सुरुवात केली आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. पण मुंबईला श्रोता होता, महाविद्यालयांचे महोत्सव होते. रत्नागिरीतल्या चौघांनी इंग्रजी गीते लिहिली तर ती कोणासाठी?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला तिचे योग्य स्थान द्यावे असे सांगितले. त्या वचनाचा आधार घेऊन आम्ही आमच्या बँडला टिळकांचा एक अभंग देऊन पाहिला. मिस्सासाठी नव्हे, नाताळच्या कार्यक्रमासाठी. परिणाम संमिश्र होता. पहिल्या कडव्यात ढोलाने शब्द गिळले. गायकाने मराठी ‘ळ’ आणि ‘ण’ इंग्रजी वळणाने उच्चारले, तेव्हा मागच्या बाकांवर हसे झाले. मराठी घरातल्या मुलाचे हे व्हावे याचे आम्हांला वाईट वाटले. पण एक गोष्ट अनपेक्षित घडली. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचा ठेका चाराच्या पटीतला. दोहोंचे भांडण झालेच नाही. अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. भजनात त्या आखूड चरणापुढची मोकळी जागा टाळ भरून काढतात. आमच्या गिटारवाल्याने ती आपण होऊन हेरली आणि प्रत्येक ओळीनंतर तेथे दोन सुरांचे लहानसे उत्तर दिले. तिसऱ्या कडव्यापासून ढोलवाल्यानेही हात आवरला, आणि शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचू लागले.