आवाज मुलीचा नव्हताच

सुमारे वीस सेकंदांचे, खरखरीने भरलेले एक फ्रेंच बालगीत इंटरनेटवर फुकट ऐकता येते. ९ एप्रिल १८६० रोजी ते कागदावर उतरवले गेले. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा, म्हणजे हे त्याच्या सतरा वर्षे आधीचे. ‘फर्स्ट साउंड्स’ या संशोधकांच्या गटाने अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या मदतीने २००८ साली ते प्रथम ऐकवले. या गटाचा ध्वनिसंग्रह शिक्षकांनी जरूर धुंडाळावा, पण थोडे सावध राहून.

एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल हा पॅरिसमधला, छपाईच्या व्यवसायातला माणूस. त्याने १८५७ मध्ये आपल्या ‘फोनोटोग्राफ’चे पेटंट घेतले. कर्ण्यात गायचे, टोकाचा पडदा थरथरतो आणि त्याला चिकटवलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढतो. आवाज पुन्हा वाजवावा हे स्कॉटच्या मनातच नव्हते. ती रेघ लघुलिपीसारखी डोळ्यांनी वाचता येईल, अशी त्याची आशा होती.

कागद गुंडाळलेला दंडगोल मात्र हाताने फिरायचा, म्हणजे वेग कमीजास्त होणारच. मग मूळ वेग कळावा कसा? स्कॉटने गाण्याच्या रेघेशेजारी नादकाट्याचीही रेघ उमटवून घेतली होती. काट्याची कंपने ठरलेली, म्हणून ती रेघ म्हणजे कागदावरचे घड्याळच! माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

आणि घोटाळा झाला तोही इथेच. काट्याची कंपने सेकंदाला ५०० धरली गेली. पण त्या काळी फ्रान्समध्ये काट्याचे एका बाजूला जाणे हे एक ‘साधे कंपन’ आणि परत येणे हे दुसरे, अशी मोजणी असे. (१८५९ मध्ये तिथे ठरलेला प्रमाण स्वरही ८७० साध्या कंपनांचा, आपल्या हिशेबाने ४३५ हर्ट्‌झचा होता.) म्हणजे काटा खरा २५० हर्ट्‌झचा. गाणे दुप्पट वेगाने वाजले, स्वर एक सप्तक वर गेला आणि सर्वांना लहान मुलीचा किंवा तरुणीचा आवाज ऐकू आला. २००९ मध्ये चूक दुरुस्त झाली. गाणारा पुरुष होता, बहुधा खुद्द स्कॉट, आणि तो अगदी सावकाश गात होता. मीही तोवर व्याख्यानांत त्या मुलीचे कौतुक करून चुकलो होतो.

गटाने आपली चूक स्वतःच जाहीर केली. पट्ट्यांच्या प्रतिमा आणि स्कॉटचे लेखनही खुले केले. याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण. मांडणी मात्र संशोधकासाठी आहे, वर्गासाठी नाही. त्यामुळे सर्वत्र फिरते ती नुसती ध्वनिफीत, काट्याच्या रेघेविना आणि कित्येकदा जुन्या वेगातली. मग उरते ती केवळ ‘जगातला पहिला आवाज’ ही चमत्काराची गोष्ट. वेग कसा ओळखला, हे कोणी विचारत नाही.

वर्गात दोन्ही फिती वाजवाव्यात, आधी चुकीची. कोण गाते आहे ते मुलांना विचारावे आणि मग रेघेचे चित्र दाखवावे. लंबकाची आंदोलने मोजताना मुले नेमकी हीच गफलत करतात. गोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचला की ‘एक’ म्हणतात, आणि सेकंद-लंबकाचा आवर्तकाल दोन सेकंद का, असे विचारतात.