स्फिंक्स : पुस्तक बांधणारे आणि तपासणारे अवजार

हस्तपुस्तिकेतले एखादे उदाहरण चुकले, की ती चूक झेरॉक्सबरोबर वर्षानुवर्षे फिरत राहते. पुस्तकाने स्वतःच आपली तपासणी केली तर? ‘स्फिंक्स’ हे अवजार असा प्रयत्न करते. पायथन या संगणकभाषेची माहितीपुस्तिका तयार करण्यासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी ते रचले आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते.

बांधणी अवघड नाही. गिटच्या साहाय्याने मूळ संहिता उतरवून घ्यायची, पायथनसाठी वेगळा कप्पा करायचा आणि त्यात ती बसवायची. लागणारी इतर साधने इंटरनेटवरून आपोआप येतात. संहितेबरोबर स्फिंक्सची स्वतःची माहितीपुस्तिकाही साध्या मजकुराच्या रूपात मिळते. ती स्फिंक्सनेच बांधून पाहावी. सुताराने केलेल्या पाटावर आधी सुतारानेच बसून पाहावे, तशी ही कसोटी आहे आणि आम्हाला ती आवडली.

एकदा लिहिलेल्या मजकुरातून वेबपाने, ई-पुस्तक आणि पीडीएफ तयार होतात. पण खरे मोल तपासणीत आहे. एखादे प्रकरण अनुक्रमणिकेत घ्यायचे राहिले किंवा नसलेल्या प्रकरणाचा दाखला दिला, तर इशारा मिळतो. पुस्तकातली उदाहरणे प्रत्यक्ष चालवून त्यांची उत्तरेही ताडून पाहता येतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ ला २ ने भागले की ३ उत्तर येई. २००८ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ३.५ येते. जुने उत्तर पुस्तकात राहिले असेल, तर ते इथे पकडले जाते. मात्र ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय एरवी नुसता इशारा देऊन सदोष पुस्तकही बांधले जाते. इशाऱ्याला चूक मानावे, अशी वेगळी सूचना द्यावी लागते. तपासणी हाच ज्याचा गुण, त्याने ती ऐच्छिक ठेवावी हे आम्हाला पटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते. शीर्षकाखाली रेघ मारली की ते शीर्षक ठरते. रेघ शीर्षकापेक्षा आखूड नसावी, हा नियम. ‘सूर्यमाला’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. चार खुणांची रेघ मारली, तर ती आखूड असल्याचा इशारा येतो. कारण यंत्र काना आणि उकार वेगळे मोजते, फक्त हलन्ताची खूण सोडते. त्याच्या हिशेबी इथे आठ घरे आहेत! लांब रेघ चालते, म्हणून उपाय सोपा आहे; पण इशाऱ्याच्या शब्दांवरून नवख्याला हे कारण कळणार नाही. संहिता खुली असल्याने ही मोजणी कुठे होते याचा माग काढता येतो. ती स्फिंक्समध्ये नसून त्याला आधार देणाऱ्या डॉक्युटिल्स या साधनात होते. मोठ्या विद्यार्थ्यांनी तेवढा भाग वाचून पाहावा. संगणकाच्या लेखी ‘अक्षर’ म्हणजे काय, याचा उत्तम धडा तिथे आहे. देवनागरी पीडीएफसाठी झीलेटेक हे छपाई-यंत्र निवडून देवनागरी टंकाचे नाव द्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

एका पानाच्या टिपणासाठी हा खटाटोप करू नये. पण चार-सहा शिक्षक मिळून दरवर्षी सुधारली जाणारी पुस्तिका लिहिणार असतील, तर स्फिंक्स जरूर वापरावे. उत्तर ३.५ आले की नाही, हे यंत्र पाहील. सात खडूंचे दोन सारखे वाटे करताना एक खडू मोडावा लागतो, हे मुलाला उमगले का, ते मात्र शिक्षकानेच पाहायचे आहे.