गुन्हा खानदेशातला, चॅनेल कुणाचं?

जळगावच्या घरकुल घोटाळ्याची फिर्याद फेब्रुवारी 2006 मध्ये दाखल झाली आणि निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात 31 ऑगस्ट 2019 रोजी लागला. माजी मंत्री आणि नगरसेवकांसह 48 जण दोषी ठरले, एका आरोपीला तर शंभर कोटींचा दंड झाला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. साडेतेरा वर्षं, दोन शहरं, खुद्द पालिकेच्या आयुक्तांनीच दिलेली फिर्याद. पटकथाकाराला आणखी काय हवं? तरीही यावर मराठी मालिका करायची कुणी ठरवलीच, तर घोडं कथेपाशी अडणार नाही, चॅनेलपाशी अडेल.

दूरदर्शनच्या काळात हा प्रश्नच नव्हता. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढची वीसेक वर्षं मराठी निर्मात्याला ठोठवायला दुसरं दार नव्हतं. ‘एक शून्य शून्य’ आणि रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ त्याच दारातून आल्या. आज त्या भाबड्या वाटतील. पण गुन्हा, तपास, उलगडा एवढ्यावर थांबायची शिस्त त्यांना होती. ‘एक शून्य शून्य’चे बी. पी. सिंग पुढे शिवाजी साटमांना घेऊन सोनीवर गेले, 21 जानेवारी 1998 ला ‘सीआयडी’ सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. मराठीत हात बसलेली जोडी हिंदीत गेली, आणि तिच्या मागोमाग प्रेक्षकही गेला.

खानदेशात तर तो सहजच गेला. इथल्या माणसाचं एक पाऊल बऱ्हाणपुरात, दुसरं सुरतेत. सेंधव्याचा ट्रकवाला आणि भुसावळचा रेल्वेवाला यांचं हिंदीवाचून भागत नाही. त्यामुळे संध्याकाळी मराठी कौटुंबिक मालिका आणि रात्री जेवणं उरकली की ‘क्राइम पेट्रोल’, अशी वाटणी इथल्या बऱ्याच घरांत होऊन बसली. मराठी वाहिन्या एकमेकींशी झुंजत राहतात. गुन्हेकथेच्या बाबतीत जळगाव-धुळ्यात त्यांची खरी स्पर्धा सोनीशी आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

खासगी मराठी वाहिन्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. स्टार प्रवाहवर ‘लक्ष्य’ आली, झी मराठीवर ‘अस्मिता’. दोन्ही बऱ्या चालल्या. पण रोजच्या मालिकेचा घाट गुन्हेकथेला मानवत नाही. रोज बावीसेक मिनिटं भरायची, दर गुरुवारी टीआरपी बघायचा आणि आकडा चढला की कथा लांबवायची. तपास पुढे सरकला तर मालिका संपते, म्हणून तो सरकू द्यायचा नाही. मग पोलीस अधिकाऱ्याच्या घरी साखरपुडा निघतो, सासूला संशय येतो, दिवाळीचा महाएपिसोड होतो आणि प्रेत आठवडाभर शवागारात तसंच पडून राहतं.

‘देवमाणूस’ हे याचं सर्वांत चांगलं आणि म्हणूनच सर्वांत बोलकं उदाहरण. 31 ऑगस्ट 2020 ला झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेमागे वाईचं हत्याकांड होतं. किरण गायकवाडचा डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षकाला आरंभीच सांगून टाकण्याचं धाडस तिने केलं. खुनी कोण, हा प्रश्न निकालात काढून तो सापडतो कधी, यावर तिने ताण उभा केला. सरू आजीच्या तोंडातल्या शिव्या आणि म्हणी, डिंपल, टोण्या हे गाव खरं वाटत होतं. पण खुनी सापडणं हाच शेवट असेल, तर चॅनेलला तो नकोच असतो. म्हणून डॉक्टर निसटत राहिला, परतही आला आणि पुढच्या पर्वांत पोलीस दुबळे होत गेले. भय ओसरलं, डॉक्टरचं कौतुक तेवढं उरलं. लेखकाला याचा दोष देऊन काय उपयोग? साडेदहाच्या स्लॉटला चांगला आकडा देणारा माणूस तुरुंगात टाकायला चॅनेल तयार नव्हतं.

याच समूहाच्या धाकट्या वाहिनीवर, झी युवावर, 2017 मध्ये ‘रुद्रम’ आली होती. गिरीश जोशींचं लेखन, भीमराव मुडे यांचं दिग्दर्शन आणि मुक्ता बर्वेची रागिणी. सुडाची गोष्ट काही महिन्यांत सांगून मालिका संपली. टीआरपीच्या राजाराणीत तिचं नाव नव्हतं, पण मराठी गुन्हेमालिकांचा विषय निघाला की आजही ते नाव येतं. मोठ्या वाहिनीवर ती पाचशे भाग चालली असती आणि रागिणीचं दुसरं लग्न लावून संपली असती, असं मी पैजेवर सांगतो.

ओटीटीने दार उघडलं हे खरं. सोनी लिव्हवर ऑक्टोबर 2024 मध्ये आलेली ‘मानवत मर्डर्स’ आठ भागांत आटोपली. आशुतोष गोवारीकरांनी उभे केलेले तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी घाईत नव्हते आणि मकरंद अनासपुरेंना विनोदाची झूल उतरवता आली. परभणी जिल्ह्यातलं 1970 च्या दशकातलं गाव पडद्यावर गाव म्हणून दिसलं. मात्र त्यासाठी दरमहा पैसे मोजायला साक्री-शिरपूरचं घर तयार आहे का, याचं उत्तर मला आशादायक वाटत नाही. मोबाइलवर लोक बघतात ते यूट्यूब. बोलीने आणि बाजाराने खानदेशाशी जोडलेल्या मालेगावचे विनोदी व्हिडिओ आणि अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली जातात, तीही कुठल्याही चॅनेलच्या मेहेरबानीशिवाय.

आता मालच पाहू. चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे गावठी कट्टे, शिरपूरच्या डोंगरात पिकांआड लपवलेला गांजा, गिरणेतली वाळू. स्थानिक गुन्हे शाखेच्या कुठल्याही हवालदाराजवळ दोन पर्वांचा मजकूर आहे. 14 एप्रिल 1944 ला चिमठाण्याजवळ नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि साथीदारांनी लुटलेला सरकारी खजिना तर आयती थरारकथा. पण मला सर्वांत अवघड वाटतं ते धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे पाच भटके भिक्षेकरी जमावाच्या हाती सापडले, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं गेलं. पाचही गेले. यात खलनायक नाही, हुशार तपास अधिकारी नाही, नायिका तर नाहीच. ‘क्राइम पेट्रोल’च्या पद्धतीने हे दोन रात्रींत उरकेल आणि शेवटी निवेदक सावध राहायला सांगेल. रोजच्या मालिकेत याला जागाच नाही. गर्दीतल्या एकेका माणसाच्या फोनवर तो संदेश कुठून आला, पहिला हात कुणी उचलला आणि कोण मुकाट उभं राहिलं, हे सांगायला सहा भाग पुरतात आणि सहाच लागतात.

शिवाय बोली. मालवणीने ‘रात्रीस खेळ चाले’ तारली, सातारी तर मालिकांची राष्ट्रभाषा झाली. खानदेशची पाळी आली की एखादा गडी ‘शे’ म्हणतो आणि हशा घेऊन जातो. प्रत्यक्षात अमळनेरची अहिराणी वेगळी, रावेर-यावलची लेवा गणबोली वेगळी. ‘तू कोन गावना शे?’ या हवालदाराच्या प्रश्नाला संशयित कोणत्या बोलीत उत्तर देतो, यावरून तो तापीच्या कुठल्या अंगाचा ते कळू शकतं आणि पुण्याहून बदलून आलेल्या साहेबाला ते कळत नाही. तपासातला हा धागा प्रमाण मराठीत लिहिताच येत नाही.

तेव्हा पहिल्या क्रमांकाची वाहिनी खानदेशच्या गुन्हेकथेला सर्वांत गैरसोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे. मेच्या उकाड्यात रात्री साडेदहाला निम्मं जळगाव गच्चीवर मोबाइल घेऊन पडलेलं असतं, त्यामुळे स्लॉटचा मोहही फारसा धरू नये. धाकटी वाहिनी चालेल, फ्री डिशवर फुकट दिसणारी दूरदर्शनची सह्याद्री चालेल, तेही न जमलं तर यूट्यूब आहेच. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दरवर्षी संहिता घेऊन उतरणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: करारात आधी भागांचा आकडा लिहून घ्या, मग बोलीची अट घाला आणि चॅनेलचं नाव सगळ्यात शेवटी भरा.